नवीन गाडी : पहिलं सर्व्हिसिंग नक्की कधी, आणि तोवर काय काय बघायचं?

कर्वेनगर_ते_हिंजवडी
नमस्कार मंडळी. दसऱ्याला १६० सीसीची नवी गाडी घेतली. घरात याआधी फक्त आईची स्कूटर होती त्यामुळे चेन, क्लच, गिअर ऑईल वगैरे सगळंच नवीन आहे माझ्यासाठी. रोज कर्वेनगर ते हिंजवडी आणि परत, मीटर आता चारशेच्या पुढे गेलाय आणि जो तो वेगळं सांगतोय. शोरूममधला माणूस म्हणाला ७५० किमी किंवा ४५ दिवस, जे आधी होईल ते. सोसायटीतले एक काका म्हणतात हजार होईपर्यंत चाळीसच्या वर काटा न्यायचाच नाही. ऑफिसातला मित्र म्हणतो पहिलं ऑईल ३०० लाच काढायला पाहिजे होतं, आणि यूट्यूबवर एक जण सांगतोय की पहिल्या दिवसापासून गाडी पिळा तरच इंजिन मोकळं होतं. गाडी मला दहा-बारा वर्षं तरी वापरायचीय, हप्ते भरतोय तिचे, त्यामुळे सुरुवात चुकायला नको असं मनापासून वाटतं. तर ऑईल कधी बदलू, कुठलं टाकू, चेनचं काय करायचं असतं, आणि पुढच्या रविवारी ताम्हिणीला जायचा बेत आहे तो सर्व्हिसिंगच्या आधी करावा का नंतर? जाणकारांनी सविस्तर लिहा प्लीज.

चाकण_दुसरीपाळी
अभिनंदन! मी इंजिन पार्ट्सच्या मशीनशॉपला आहे, बोअर (सिलिंडरमधलं पिस्टन वरखाली होतो ते भोक) रोज हाताखालून जातात, त्यामुळे हे रनिंग-इन, म्हणजे नवी गाडी सुरुवातीला बसवून घ्यायचा काळ, त्यात आत नक्की काय चालतं ते आधी सांगतो, मग बाकीचं आपोआप कळेल. सिलिंडरचा बोअर आतून मुद्दामच एकदम गुळगुळीत करत नाहीत. होनिंग करून त्यावर तिरप्या, एकमेकींना छेदणाऱ्या बारीक रेषा काढतात. बोअर ट्यूबलाइटकडे धरून आत बघितलं की जाळी दिसते, नखाला लागली न लागली इतकी बारीक. त्या रेषांत ऑईल थांबतं. पिस्टनवरच्या नव्या रिंगा या जाळीच्या उंच टोकांवर घासत घासत बोअरला बसतात, त्या नीट बसल्या की कॉम्प्रेशन पूर्ण मिळतं आणि ऑईल वर जाऊन जळत नाही.

आता मुद्दा असा की रिंग बोअरवर दाबली जाते ती नुसती स्वतःच्या ताणाने नाही. वर पेट्रोल जळून जो दाब होतो तो रिंगेच्या मागे शिरतो आणि तिला बाहेर ढकलतो. म्हणजे रिंगा बसायला इंजिनावर थोडा लोड हा यायलाच पाहिजे. तुम्ही सारखं चाळीसवर, एकाच अ‍ॅक्सिलरेटरवर, जीव धरून चालवलीत तर तो दाब मिळत नाही. उलट पहिल्याच दिवशी रेडलाइनपर्यंत (आरपीएमची, म्हणजे इंजिनाच्या फेऱ्यांची, मीटरवरची लाल मर्यादा) पिळलीत तर टोकांवर घर्षणाने उष्णता फार होते, बोअरला ओरखडे जाऊ शकतात. म्हणून मधला रस्ता, आरपीएम सारखे वरखाली होऊ द्यायचे, अर्ध्या-पाऊण अ‍ॅक्सिलरेटरपर्यंत वेग घ्यायचा, सोडायचा, परत घ्यायचा. अ‍ॅक्सिलरेटर सोडून गिअरमध्ये गाडी मंदावते तेव्हा आत व्हॅक्यूम होतो आणि रिंगांना ऑईल मिळतं, बारीक चुरा धुऊन निघतो, तेही कामाचं आहे. तुमच्या पुस्तकात पहिल्या ५०० आणि पुढच्या ५०० किमीला किती वेग किंवा किती आरपीएम ते छापलेलं असेल, ती मर्यादा पाळा. आजकाल फॅक्टरीतच बोअरची टोकं बरीचशी घासून काढतात त्यामुळे रिंगांचं काम पूर्वीपेक्षा लवकर होतं, पण गिअरचे दात, क्लच, कॅम, चेन, ब्रेक यांचं आपापलं बसणं चालूच असतं.

सातारारोड_काका
चाकणवाल्यांनी छान सांगितलं. चाळीसचा नियम हा शंभर सीसी, चार गिअरच्या गाड्यांच्या काळातला आहे हो, तेव्हा गाडीची धाव सत्तर-ऐंशीची, त्यात चाळीस म्हणजे मध्यम वेग. आता १६० सीसीला पाचव्या गिअरमध्ये चाळीसच्याही खाली चालवून वर चढाला अ‍ॅक्सिलरेटर दिलात तर इंजिन कण्हतं, धक्के मारतं. ते जास्त वाईट. वेग किती यापेक्षा त्या वेगाला गिअर कुठला हे बघा. चांदणी चौकाच्या चढाला गाडी टॉपला ओढू नका, खुशाल एक गिअर खाली घ्या, इंजिन जरा वर फिरू दे.

आणि कात्रजच्या नव्या बोगद्यातून नवले पुलाकडे उतरताना न्यूट्रल करू नका कधीच, पेट्रोल वाचवायच्या नादात लोक करतात. त्या उतारावर आधीच किती अपघात होतात ते सगळ्यांना माहिती आहे. गिअरमध्ये ठेवा, ब्रेकही वाचतो आणि वर लिहिलंय तसं रिंगांचंही भलं होतं.

बोपदेव_घाट
मी पिळणाऱ्यांच्या बाजूचा. माझी आधीची गाडी मी पहिल्या आठवड्यापासून जोरात चालवली, अजून एक थेंब ऑईल खात नाही. हळू चालवलेल्या गाड्या पुढे मंद होतात हे मी मित्रांच्या गाड्यांत बघितलंय.

चाकण_दुसरीपाळी
@बोपदेव_घाट तुम्ही म्हणता त्यात लोड द्यायचा भाग बरोबर आहे, मीही तेच लिहिलंय. पण लोड देणं वेगळं आणि रेडलाइनला धरून ठेवणं वेगळं. शिवाय वॉरंटी आहे. नव्या फ्युएल इंजेक्शनच्या गाड्यांच्या ईसीयूत (इंजिनाच्या कॉम्प्युटरमध्ये) बऱ्याच गोष्टींची नोंद राहते, उद्या इंजिनाचा क्लेम आला आणि पुस्तकातली मर्यादा पाळलेली नसली तर बोलायला जागा राहत नाही. नव्या माणसाला पुस्तकाबाहेरचा सल्ला मी तरी देणार नाही.

अजून एक, सकाळी गाडी चालू करून पाच-पाच मिनिटं जागेवर घरघर करत ठेवू नका. अर्धा मिनिट पुरे. मग निघा, पण पहिले दोन-तीन किलोमीटर शांतपणे, ऑईल गरम होईपर्यंत.

नानापेठ_पाना
ऑईलचं मी सांगतो, काम तेच आहे माझं. भावा, ३०० ला काढलं नाही म्हणून काही बिघडलेलं नाही, झोप नीट घे. पण ७५० सांगितलंय तर ९०० करू नकोस. पहिलं ऑईल लवकर काढतात ते काळं पडलं म्हणून नाही. नव्या इंजिनातला घासून निघालेला बारीक धातू त्यात असतो म्हणून. कधी उभा राहून बघ, ट्रेमध्ये पडलेलं पहिलं ऑईल उन्हात धरलं की त्यात चंदेरी झाक फिरते. दोन बोटांत चोळलं तर काही लागत नाही इतकी बारीक, ती असणारच, घाबरायचं नाही. बोटाला खर लागली, तुकडे दिसले, तर मात्र तिथल्या तिथे अ‍ॅडव्हायझरला दाखव आणि जॉबकार्डवर लिहून घे. काही गाड्यांच्या ड्रेन बोल्टला चुंबक असतं, त्याच्यावर काळपट पेस्ट चिकटलेली दिसते, तीही नॉर्मल.

फिल्टर ऑईलबरोबरच बदलायचा. काही जण पहिल्याला फिल्टर ठेवतात आणि नुसतं ऑईल टाकतात, मला ते पटत नाही. सगळा कचरा तर फिल्टरातच अडकलेला असतो. काही इंजिनांना कागदी फिल्टर नसतो, नुसती जाळी असते, ती काढून धुवायची असते. ड्रेन बोल्टचा वॉशर नवीन मागायचा, दहा-वीस रुपयांची वस्तू आहे, त्यावर कंजुषी केली की खालून घाम येतो इंजिनाला. आणि बोल्ट हाताने लावून मग पान्याने बेताने आवळायचा, क्रँककेस अ‍ॅल्युमिनियमचं असतं. जोर लावून आटे घालवलेल्या गाड्या माझ्याकडे सारख्या येतात.

पेठेतली_रायडर
नाना, कुठलं ऑईल तेही सांगा ना. याच प्रश्नावर लोकांची भांडणं होतात.

नानापेठ_पाना
ताई, पुस्तकात लिहिलेलं, विषय संपला. ऑईलच्या पातळ-जाडपणाची ग्रेड असते, कुणाच्या गाडीला १०डब्ल्यू ३०, कुणाला १०डब्ल्यू ४०, कुणाला १५डब्ल्यू ५० किंवा २०डब्ल्यू ५०. रॉयल एनफिल्डला १५डब्ल्यू ५० चालतं म्हणून सगळ्यांना जाड ऑईल चांगलं असं नसतं. ज्या इंजिनाला १०डब्ल्यू ३० सांगितलंय त्यात जाड टाकलं की थंडीत सकाळी गाडी जड वाटणार, अ‍ॅव्हरेज पडणार.

दुसरं बघायचं ते डब्यावर जासो एमए किंवा एमए २ (मोटरसायकलच्या क्लचला चालणाऱ्या ऑईलची खूण) लिहिलंय का. मोटरसायकलचा क्लच ऑईलमध्येच बुडालेला असतो. कारच्या कितीतरी ऑईलांत घर्षण कमी करणारी रसायनं असतात, ती आपल्या गाडीत टाकली की क्लच प्लेटा घसरायला लागतात, अ‍ॅक्सिलरेटर दिला तर इंजिन ओरडतं पण गाडी पुढे जात नाही. आणि सिंथेटिक टाकलं तर रिंगा बसत नाहीत असं जे म्हणतात, त्याची काळजी करू नका, कित्येक गाड्या फॅक्टरीतूनच सेमी किंवा फुल सिंथेटिक भरून येतात. फक्त ग्रेड आणि जासो तेवढं जुळवा. डबा आपल्यासमोर फोडायला लावा.

औंध_अर्धांगिनी
आमच्या ह्यांची गाडी आठवड्यातून एकदा भाजीला निघते, वर्क फ्रॉम होम. महिन्यात दोनशे किमीसुद्धा होत नाहीत. मग सर्व्हिसिंग कधी करायचं?

सातारारोड_काका
ताई, दिवस मोजायचे. पुस्तकात किलोमीटर आणि दिवस दोन्ही असतात, जे आधी होईल ते. तुमच्याकडे दिवस आधी भरणार. कमी चालते म्हणून फ्री सर्व्हिसिंग सोडलं की पुढे वॉरंटीला वाद घालत बसतात. आणि अशा गाडीचं ऑईल उलट लवकर खराब होतं, इंजिन पूर्ण तापतच नाही, आत दमट हवेचं पाणी सुटतं, न जळलेलं पेट्रोलही थोडं ऑईलमध्ये उतरतं. ऑईल भरायचं झाकण उघडल्यावर आत पिवळट पांढरा साय-साय थर दिसला तर हेच कारण. त्यांना म्हणावं आठवड्यातून एकदा खडकवासल्यापर्यंत चक्कर मारून या, गाडी चांगली अर्धा-पाऊण तास चालू दे.

पेठेतली_रायडर
आता चेन. @कर्वेनगर_ते_हिंजवडी तुझ्या प्रश्नात चेन एका ओळीत आटोपली आहेस पण नव्या गाडीत सगळ्यात आधी लक्ष मागते ती चेनच. नवी चेन पहिल्या काही शे किलोमीटरमध्ये जास्त ताणली जाते, नंतर ते कमी होतं. इंजिन बिचारं आत झाकलेलं असतं, चेन उघड्यावर. हिंजवडीच्या रस्त्याची धूळ तूच रोज खातोस, ती तुझ्या चेनवरही बसते.

मी कशी करते ते लिहिते. गाडी मेन स्टँडवर, इंजिन बंद, न्यूट्रल. खालच्या बाजूला, दोन्ही स्प्रॉकेटच्या (चेनच्या दातेरी चाकांच्या) मध्यावर स्टीलची पट्टी उभी धरायची, बोटाने चेन खाली दाबायची, आकडा बघायचा, वर उचलायची, आकडा बघायचा. दोन्हीतला फरक म्हणजे चेनचा ढिलेपणा. बऱ्याच गाड्यांना २० ते ३० मिमी असतो, काहींना जास्त, चेन कव्हरवर किंवा स्विंगआर्मवर स्टिकर असतो त्यात नक्की आकडा दिलेला असतो. मग चाक थोडं फिरवून परत मोजायचं, असं पूर्ण फेरा होईपर्यंत. चेन सगळीकडे सारखी नसते, जिथे सगळ्यात घट्ट आहे तिथला आकडा धरायचा.

आणि कृपा करून चेन घट्ट ठेवू नका. खूप लोकांना वाटतं ढिली चेन खराब, टाइट चेन चांगली. गाडीवर दोघं बसून स्पीडब्रेकरवरून गेलात की मागचं सस्पेन्शन दबतं आणि चेन अजून ताणली जाते. आधीच टाइट असेल तर तो सगळा ओढा गिअरबॉक्सच्या शाफ्टच्या बेअरिंगवर येतो. ढिली चेन निदान खडखड आवाज करून सांगते, टाइट चेन गुपचूप बेअरिंग खाते. आमच्या भागातल्या एका वर्कशॉपमधून दोन वेळा माझी चेन पट्टीसारखी ताठ करून दिली होती, तेव्हापासून गाडी ताब्यात घेताना तिथेच बोट लावून बघते आणि चुकीची असेल तर तिथेच सैल करून घेते.

लुब्रिकेशन साधारण दर ५०० किमीला, पावसात भिजली की त्याच दिवशी. ओ-रिंग चेन (कड्यांत रबरी रिंगा असलेली) असेल तर पेट्रोलने धुवायची नाही, रबर कडक होऊन फुटतं. चेन क्लीनर किंवा रॉकेल, रॉकेल आता सहज मिळत नाही त्यामुळे मी क्लीनरच आणते. मऊ ब्रश, तारेचा ब्रश नाही. पुसून कोरडी करायची आणि मग चेनच्या आतल्या बाजूला, म्हणजे जी बाजू दातांवर बसते तिथे स्प्रे किंवा ९० नंबरचं गिअर ऑईल. फिरवल्यावर ते आपोआप बाहेर येतं. रात्री करून ठेवायचं म्हणजे सकाळपर्यंत मुरतं आणि पॅन्टवर उडत नाही.

सगळ्यात महत्त्वाचं, गाडी चालू करून, पहिल्या गिअरमध्ये चाक फिरतं ठेवून चेन पुसू नका. चाक हातानेच फिरवा. फडकं चेनमध्ये ओढलं जातं आणि त्याच्याबरोबर बोट. हे गमतीत घेऊ नका कुणी.

चाकण_दुसरीपाळी
ताईंच्या शेवटच्या परिच्छेदाला शंभर टक्के दुजोरा. आमच्या शॉपफ्लोअरवर पहिली सूचना हीच असते, फिरत्या वस्तूजवळ कापड न्यायचं नाही.

चेन अ‍ॅडजस्ट केल्यावर दोन्ही बाजूंच्या खुणा सारख्या आहेत का बघा, नाहीतर चाक तिरपं बसतं आणि स्प्रॉकेटचे दात एका बाजूने झिजतात. मागे ड्रम ब्रेक असेल तर चाक मागे सरकल्यामुळे ब्रेक पेडलचा फ्री प्ले (ब्रेक लागायच्या आधीची मोकळी हालचाल) बदलतो, तो परत सेट करावा लागतो. हे विसरलं की ब्रेक हलका लागून राहतो आणि मग गाडी ओढत नाही म्हणून लोक इंजिनाला दोष देतात.

पिंपळे_सौदागर_१४
एमएच १४ वाल्याचा एक साधा मुद्दा. टायर. नव्या टायरचा वरचा थर घसरडा असतो, पहिले शंभर-दीडशे किमी वळणावर गाडी आडवी घालू नका, ओल्या रस्त्यावर तर नाहीच. डिस्कचे पॅडसुद्धा बसायला थोडा वेळ घेतात, त्यामुळे सुरुवातीला जरा आधीपासून, हळूहळू वाढवत ब्रेक लावायचा. अर्थात समोर कुणी आलं तर पूर्ण ताकदीने लावा, तेव्हा पॅडचा विचार करायचा नाही.

हवा आठवड्याला एकदा, टायर थंड असताना. पंपावरचा पोऱ्या न विचारता दोन्हीकडे ४० मारतो. स्टिकरवरचा आकडा तोंडपाठ ठेवा, एकट्याला आणि मागे कोणी असताना वेगवेगळा असतो.

कर्वेनगर_ते_हिंजवडी
बापरे, केवढं लिहिलंत सगळ्यांनी, मनापासून धन्यवाद. ताई, संध्याकाळी पार्किंगमध्ये पट्टी घेऊन बसलो, चेन एका जागी ३२ आणि दुसऱ्या जागी ३८ भरली, स्टिकरवर २५ ते ३० आहे. म्हणजे सैलच झालीय ना? आणि ताम्हिणीचं कुणीच सांगितलं नाही.

पेठेतली_रायडर
हो, घट्ट जागेलाच ३२ म्हणजे थोडी सैल, करून घे. स्वतः करायची असेल तर आधी मागचा अ‍ॅक्सल नट सैल, मग दोन्ही बाजूंचे अ‍ॅडजस्टर सारखे, पाव-पाव फेरा, मग परत मोजायचं. पण अ‍ॅक्सल नट आवळायला टॉर्क पाना नसेल तर पहिल्या वेळी सर्व्हिस सेंटरलाच कर आणि शेजारी उभा राहून बघ.

सातारारोड_काका
ताम्हिणीचं मी सांगतो. जाऊन-येऊन दीडशेच्या आसपास होतात. मीटर साडेचारशे-पाचशेच्या घरात असेल तर परत येईपर्यंत ७५० च्या आतच राहाल, त्यामुळे गेलात तरी चालेल. पिरंगुटपर्यंत ट्रॅफिक, पुढे मुळशीच्या बाजूला वळणं आणि चढउतार, इंजिनाला असं वरखाली चालणं चांगलंच. हायवेवर तासभर एकाच वेगाने जाण्यापेक्षा हा रस्ता कधीही बरा. दोघं बसून सामान लादून जाऊ नका एवढंच, आणि निघायच्या आधी ऑईल बघा. तरी मला विचाराल तर आधी सर्व्हिसिंग, मग घाट. चेन सैल आहे म्हणताय तर नक्कीच आधी.

नानापेठ_पाना
ऑईल बघायची रीत पण सांगतो, निम्मे लोक चुकीची बघतात. गाडी तीन-चार मिनिटं चालू ठेव, बंद कर, दोन-तीन मिनिटं थांब, सपाट जागेवर मेन स्टँडला सरळ उभी कर, मग काच असेल तर दोन रेषांच्या मध्ये ऑईल दिसलं पाहिजे. साइड स्टँडवर बघितलं तर आकडा खोटा येतो. काचेऐवजी काडी असेल तर पुसून परत घालताना आटे फिरवायचे का नुसती टेकवायची हे पुस्तकात बघ, गाडीगणिक वेगळं असतं. जास्त ऑईल भरणं पण वाईट, वरच्या रेषेच्या पुढे नको.

आणि सर्व्हिस सेंटरला काय सांगायचं ते ऐक. ऑईल, फिल्टर, चेन, क्लच केबलचा फ्री प्ले, ब्रेक, टायर, सगळे बाहेरचे नटबोल्ट, हँडलचा कॉनसेट (हँडल ज्यावर फिरतं ती बेअरिंगं). नवीन गाडीत कॉनसेट थोडा बसतो आणि सैल होतो, पुढचा ब्रेक दाबून गाडी मागेपुढे हलवली आणि हँडलमध्ये टक् असं लागलं की समज. टेफ्लॉन कोटिंग, इंजिन फ्लश, ऑईलमध्ये टाकायची बाटली, डीकार्ब, यातलं काहीही पाचशे-सातशे चाललेल्या गाडीला लागत नाही. नको म्हणायचं, ते जॉबकार्डवर घातलं असेल तर खोडायला लावायचं. आणि वॉशिंगवाल्याला सांगायचं, प्रेशरचं पाणी चेनवर, चाकाच्या मधोमध आणि मीटरवर मारू नको.

धायरी_फाटा
फ्री सर्व्हिस म्हणजे पूर्ण फुकट का? मला पहिल्याच वेळी बिल आलं, वाटलं फसवतायत.

पिंपळे_सौदागर_१४
नाही, मजुरी फुकट. ऑईल, फिल्टर, वॉशर, ग्रीस याचे पैसे द्यायचे असतात. बिलावर प्रत्येक वस्तू वेगळी लिहिलेली आहे का बघा आणि बिल जपून ठेवा, सर्व्हिस बुकात शिक्का आणि मीटरचा आकडा घालून घ्या.

कर्वेनगर_ते_हिंजवडी
अपडेट. शनिवारी सकाळी पहिला नंबर लावून सर्व्हिसिंग करून आणलं, मीटर ६०० च्या आसपास. आत येऊ देणार नाही म्हणाले होते, मी शांतपणे सांगितलं की पहिलीच गाडी आहे, फक्त ऑईल निघताना बघायचंय, तर फोरमननी स्वतः बोलावलं. नाना म्हणाले तशीच चंदेरी झाक दिसली, खर नव्हती. फिल्टर आणि वॉशर नवीन. चेन मेकॅनिकने अंदाजाने आवळली होती, मी खिशातून पट्टी काढली आणि मोजून दाखवली, १५ भरत होती, त्यांनी काही न बोलता परत २५ ला सेट केली. सगळं मिळून बिल हजाराच्या आत आलं. गिअर आता आधीपेक्षा मऊ पडतायत, विशेषतः दुसऱ्यातून न्यूट्रल.

एक राहिलंच, पुढच्या सर्व्हिसिंगला टॅपेट सेट करतात म्हणाले. गाडीचा तर काहीच आवाज येत नाही, मग कशाला?

चाकण_दुसरीपाळी
शाब्बास, पट्टीचं काम झकास केलंत.

टॅपेटचा प्रश्न फार चांगला विचारलात. व्हॉल्व्ह आणि त्याला उघडणारा रॉकर यांच्यामध्ये थंड असताना केसाएवढी फट ठेवलेली असते, धातू तापून वाढतो त्याला जागा म्हणून. फट वाढली की टकटक आवाज येतो, सगळ्यांच्या लक्षात येतं. पण नव्या इंजिनात व्हॉल्व्ह आपल्या सीटवर घासून थोडा आत बसतो, त्यामुळे फट कमी होत जाते. तेव्हा आवाज येत नाही, इंजिन उलट जास्त शांत वाटतं. फट संपली की व्हॉल्व्ह पूर्ण बंद होत नाही, जळणारा गॅस त्याच्या कडेवरून निसटतो. व्हॉल्व्ह आपली उष्णता सीटला टेकूनच बाहेर टाकतो, तो टेकलाच नाही तर कडा जळायला लागतात. म्हणून आवाज नाही हे टॅपेट न बघण्याचं कारण होऊ शकत नाही.

इंजिन पूर्ण थंड असताना, फीलर गेजने (फट मोजायच्या पातळ पट्टीने), पुस्तकातल्या आकड्याला सेट करायचं. म्हणजे गाडी चालवत नेऊन लगेच करता येत नाही. आदल्या संध्याकाळी गाडी सोडून या आणि सकाळी पहिलं काम हे करा असं जॉबकार्डवर लिहून घ्या. कानाने सेट करणारे अनुभवी मिस्त्री आहेत, त्यांचा हात मी बघितलाय, पण नव्या गाडीला गेजच लावायला सांगा.

बोपदेव_घाट
हे टॅपेट शांत होण्याचं माहीत नव्हतं. माझ्या गाडीचं पुढच्या आठवड्यात बघून घेतो.

औंध_अर्धांगिनी
एअर फिल्टर आणि ब्रेक ऑईलचं पण कुणीतरी लिहा, एकाच जागी सगळं राहील.

नानापेठ_पाना
ताई, एअर फिल्टर स्पंजचा असेल तर धुऊन ऑईल लावून परत बसतो. कागदी असेल तर धुवायचा नाही, आणि बऱ्याच नव्या गाड्यांना चिकट ऑईल लावलेला कागदी फिल्टर येतो, त्याच्यावर हवासुद्धा मारायची नाही, ठरलेल्या किलोमीटरला सरळ बदलायचा. तो ओलसर दिसतो म्हणून काही पोरं पेट्रोलने धुतात, फिल्टर कामातून जातो आणि धूळ थेट बोअरमध्ये. पुण्यात जिथे तिथे रस्ते खोदलेत, तर पुस्तकातल्या आकड्याच्या थोडं आधीच उघडून बघा. ब्रेक ऑईल दोन वर्षांनी बदलायचं, गाडी कमी चालली तरी. ते हवेतलं पाणी ओढून घेतं आणि मग घाटात गरम झालं की लिव्हर स्पंजसारखा दबतो. त्याचा प्रकार डॉट ३ का डॉट ४ ते ब्रेक ऑईलच्या डबीच्या झाकणावर लिहिलेलं असतं.

धायरी_फाटा
दिवाळीला तीन आठवडे गावाला चाललोय, गाडी पार्किंगमध्ये बंद राहणार, तीही नवीनच आहे. शेजाऱ्याला किल्ली देऊन रोज दोन मिनिटं चालू करायला सांगू का?

सातारारोड_काका
नको. दोन मिनिटांत बॅटरी जेवढी स्टार्टला खर्च होते तेवढी परत भरत नाही, आणि इंजिन न तापल्यामुळे सायलेन्सरमध्ये आणि ऑईलमध्ये पाणी साचतं. सांगायचंच असेल तर आठवड्यातून एकदा वीस मिनिटं चालवून आणायला सांगा. विश्वासू कोणी नसेल तर तशीच राहू द्या, नवी बॅटरी तीन आठवड्यांत उतरत नाही.

पेठेतली_रायडर
जायच्या आधी चेनला लुब्रिकंट, टायरमध्ये हवा स्टिकरप्रमाणे, मेन स्टँडवर उभी. टाकी पूर्ण भरून ठेवा, आताच्या पेट्रोलमध्ये २० टक्के इथेनॉल असतं, ते पाणी ओढतं, टाकी भरलेली असली की आत दमट हवेला जागा कमी राहते. आणि गाडीवर कव्हर घालणार असाल तर ती गार झाल्यावर घाला, कव्हर सायलेन्सरला चिकटतं. परत आल्यावर पहिल्या दिवशी ब्रेक दोन-तीनदा हलका लावून बघा, डिस्कवर गंजाचा पातळ थर आलेला असतो तो निघून जातो. आणि तारीख बघून ठेवा, तीन आठवड्यांत तुमचे सर्व्हिसिंगचे दिवस भरत असतील तर जायच्या आधीच करून घ्या.

धायरी_फाटा
दिवस भरतायत खरंच. उद्याच फोन करून नंबर लावतो.